'कौमार्याची लक्षणे' अभ्यासक्रमातून का गेली?

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र म्हणजे सारे राज्य. डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, परिचारिका होऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा येथून ठरतात. या विद्यापीठाने २०१९ साली एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या न्यायवैद्यकशास्त्रातून एक लहानसा मुद्दा वगळला. तो मुद्दा होता 'कौमार्याची लक्षणे'.

अभ्यासक्रमातून एखादा भाग वगळला जाणे शिक्षकांना नवे नाही. बहुतेक वेळा भार कमी करण्यासाठी तसे केले जाते. येथे कारण वेगळे होते. हा मुद्दा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, त्यावर परीक्षेत प्रश्न आले, गुण मिळाले, आणि तो शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी त्याच्या आधारे न्यायालयात दाखले दिले. त्याला शास्त्राचा आधार नाही, हे मात्र उशिरा मान्य झाले. आधार नाही हे कशावरून ठरले? आणि आधार नसलेली गोष्ट पाठ्यपुस्तकात इतकी वर्षे कशी टिकली? विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने विचारावेत असे हे दोन प्रश्न आहेत.

पडदा म्हणतात, पण पडदा नाही

योनिमार्गाच्या तोंडाशी श्लेष्मल त्वचेची एक पातळ घडी असते. शरीरशास्त्रात तिला योनिपटल म्हणतात. बोलण्यात तिला 'पडदा' म्हटले जाते आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते. पडदा म्हटले की दार पूर्ण झाकणारी, एकसंध आणि एकदा फाटली की कायमची फाटलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही घडी चौकटीला लावलेल्या झालरीसारखी कडेकडेने असते. मधली जागा मोकळीच असते. ती मोकळी नसती तर मासिक पाळीचा स्राव बाहेर कसा आला असता? क्वचित एखाद्या मुलीत जन्मतः हे पटल पूर्ण बंद असते. वयात आल्यावर तिच्या पाळीचे रक्त आत साचू लागते, पोटात दुखते आणि लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे लोकांच्या मनातला 'अखंड पडदा' हा वैद्यकाच्या दृष्टीने उपचार करण्याजोगा दोष आहे.

ही झालर सर्वांमध्ये सारखी नसते. कोणात ती चंद्रकोरीसारखी, कोणात कड्यासारखी, कोणात मधोमध पट्टी असलेली, तर कोणात बारीक छिद्रांची असते. तिच्या कडेला जन्मतःच खाचा असू शकतात. वयानुसारही ती बदलते. नवजात मुलीत आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे ती जाड असते, बालपणी पातळ होते, आणि वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ लागले की पुन्हा जाड, चुणीदार आणि लवचीक होते. लवचीक ऊतक ताणले जाते आणि पूर्ववत होते. थोडी जखम झालीच तर ती लवकर भरून येते व बहुधा मागे खूण राहत नाही. जेवताना गालाला आतून चावा बसला तर थोड्याच दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही, तसेच हे.

पहिल्या समागमाच्या वेळी रक्त आलेच पाहिजे, हीही अशीच एक समजूत. अनेक स्त्रियांना ते येत नाही. ज्यांना येते त्यांच्या बाबतीत घाई, भीती किंवा कोरडेपणा यांमुळे झालेली बारीक जखम हे कारण असू शकते. रक्ताच्या डागावरून स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी काहीही सांगता येत नाही.

येथे एका सदिच्छेने दिल्या जाणाऱ्या उत्तराकडे लक्ष वेधावेसे वाटते. "सायकल चालवल्याने, दोरीवरच्या उड्या मारल्यानेही पडदा फाटतो, म्हणून शंका घेऊ नये," असे सुशिक्षित माणसेही सांगतात. पडून त्या भागाला थेट इजा झाली तर गोष्ट निराळी. एरवी खेळण्याने योनिपटलात बदल होतो याला भक्कम पुरावा नाही. शिवाय या उत्तरात मूळची चूक तशीच राहते. पडदा असतो, तो फाटतो आणि फाटणे ही खूण असते, हे सारे त्यात गृहीतच धरलेले आहे. परिणाम असा की काही घरांत मुलींची सायकल आणि मैदानच बंद होते. चुकीच्या समजुतीला सौम्य अपवाद जोडून ती दुरुस्त होत नाही. ती मुळातूनच तपासावी लागते.

चाचणी कशाला म्हणावे?

आता 'चाचणी' या शब्दाकडे वळू. न्यायवैद्यकात दोन गोष्टी प्रचलित होत्या. एक, योनिपटलाची पाहणी. दुसरी, 'दोन बोटांची चाचणी'. योनिमार्गात दोन बोटे घालून तो सैल आहे की घट्ट हे डॉक्टराने ठरवायचे आणि सैल वाटल्यास स्त्री 'समागमाची सवय असलेली' असल्याचा शेरा लिहायचा.

प्रयोगशाळेत लिटमसपासून रक्तातील साखरेपर्यंत कोणतीही चाचणी घ्या. आपण तिला चार प्रश्न विचारतो. ती नेमके काय मोजते? दुसऱ्या माणसाने ती केली तर तेच उत्तर येते का? जे आहे ते ती पकडते का? जे नाही ते 'नाही' असे सांगते का?

पहिल्याच प्रश्नाला येथे उत्तर नाही. कौमार्य ही शरीराची अवस्था नसून एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यात एखादी घटना घडली की नाही याविषयीचे विधान आहे. त्यासाठी कोणतेही ऊतक, स्राव किंवा पेशी नेमलेली नाही. पुस्तकांत ही लक्षणे फक्त स्त्रियांची दिलेली असत. पुरुषाच्या कौमार्याची लक्षणे कोणत्याही पुस्तकाने दिली नाहीत आणि ती मागावीत असे कोणाला सुचलेही नाही. प्रश्न शरीरशास्त्राचा असता तर तो दोघांनाही विचारला गेला असता.

दुसरा प्रश्न. बोटांची जाडी प्रत्येकाची वेगळी. ज्या स्नायूंवर हा सैलपणा किंवा घट्टपणा अवलंबून असतो ते भीतीने, वेदनेने, झोपण्याच्या स्थितीने आकुंचन पावतात किंवा शिथिल होतात. ज्या मापाला एकक नाही आणि ज्याची मोजपट्टी माणसागणिक बदलते, त्याला मोजणे म्हणता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका अभ्यासातून आकड्यांत देता येते. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ३६ गर्भवती किशोरींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भ राहिलेला असल्याने समागम झाला होता याविषयी शंकाच नव्हती. तरीही त्यांपैकी केवळ २ मुलींमध्ये त्याची निश्चित म्हणता येईल अशी शारीरिक खूण सापडली. २ भागिले ३६, म्हणजे शंभरात साडेपाचच्या आसपास. शंभर जणांना ताप असताना पाच-सहा जणांनाच ताप दाखवणारा तापमापक आपण शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ठेवू का?

चौथ्या प्रश्नाचीही तीच गत आहे. समागमाचा काहीही संबंध न आलेल्या मुलींमध्येही कडेच्या खाचा दिसतात आणि त्यांना 'जुनी फाट' समजण्याची चूक होऊ शकते. २०१७ साली या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यासाठी १,२६९ अभ्यास चाळले गेले आणि त्यांतील १७ विषयाला धरून असल्याने निवडले गेले. निष्कर्ष असा की, अशा तपासणीवरून पूर्वी समागम झाला होता की नाही हे ठरवता येत नाही. उलट तपासणीमुळे शारीरिक आणि मानसिक इजा होऊ शकते.

पुस्तकातून न्यायालयात

एखादा चुकीचा मुद्दा पुस्तकात राहिला म्हणून कोणाचे काय बिघडले? ते पाहण्यासाठी महाराष्ट्रातलाच एक खटला पुरेसा आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. तिचे नाव पुढे देशभर गाजले. येथे ते देण्याची गरज नाही. वैद्यकीय अहवालात योनिपटल पूर्वीच फाटलेले असल्याची आणि दोन बोटे सहज जात असल्याची नोंद होती. ती 'समागमाची सवय असलेली' आहे, असे सत्र न्यायालयाने १९७४ साली म्हटले आणि आरोपी सुटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तक्रारदार स्त्री 'अनैतिक चारित्र्याची' असल्याचे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा पुरावा कायद्यात होती. तीही २००३ साली रद्द झाली.

कायदा बदलला, पण डॉक्टरांचे पुस्तक तेच राहिले. त्यामुळे रुग्णालयांतील छापील नमुन्यांत योनिपटल आणि बोटांसाठीचे रकाने राहिले आणि ते भरले जात राहिले. रकाना असला की माणूस तो भरतो. त्यामागचा प्रश्न बरोबर आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही.

सेवाग्राम ते नाशिक

तो प्रश्न वर्धा जिल्ह्यातून विचारला गेला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासणीतील दोष अहवालाद्वारे मांडले आणि हा विषय नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत या चाचणीला स्थान नव्हते.

तरी पाठ्यपुस्तक शिल्लकच होते. डॉ. खांडेकरांनी पुढे 'कौमार्याची लक्षणे' याच मुद्द्यावर अहवाल तयार करून विद्यापीठाकडे आणि शासनाकडे पाठवला. त्यांचे म्हणणे साधे होते: या लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, तर ती शिकवायची कशाला? विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी ते तपासले आणि २०१९ साली मुद्दा वगळला. आमच्या शहरात झालेला हा निर्णय तेव्हा फारसा गाजला नाही, पण त्याचे मोल मोठे होते. न्यायालय एका खटल्यात निकाल देते. अभ्यासक्रम पुढच्या हजारो डॉक्टरांच्या डोक्यात काय जाणार हे ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ही चाचणी करणे म्हणजे गैरवर्तन ठरेल असे सांगताना, वैद्यकीय अभ्यासक्रमांतून ती काढून टाकण्यासाठी त्यांचा आढावा घेण्याचा आदेश दिला.

चाचणीला विरोध म्हणजे वैद्यकीय तपासणीला विरोध नव्हे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. अत्याचारानंतर जखमांवर उपचार, संसर्ग व गर्भधारणा टाळण्यासाठी औषधे, डीएनएसाठी नमुने घेणे हे सारे आवश्यक असते आणि जितके लवकर होईल तितके चांगले. जखम आढळली तर ती नोंदवली जाते. न आढळली तर अत्याचार झालाच नाही असे सिद्ध होत नाही.

चादर आणि पुस्तक

याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही हाच प्रश्न उभा राहिला होता. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवरील डाग पाहून वधूविषयी निवाडा करण्याची प्रथा जातपंचायत राबवत असे. त्याच समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी याविरुद्ध मोहीम उघडली. २०१८ साली पिंपरीत त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली. तरी ते मागे हटले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य शासनाने अशी सक्ती लैंगिक अत्याचार मानण्यात येईल असे जाहीर केले. जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम २०१३ साली नाशिकमधूनच सुरू झाली होती. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीची तिच्या वडिलांनीच हत्या केल्याची घटना त्यामागे होती. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून राज्यात लागू झाला.

या प्रथेकडे पाहून 'मागासलेले लोक' म्हणणे सोपे आहे. पण पंचांची चादर आणि डॉक्टरांचे पुस्तक एकाच कल्पनेवर उभे होते. स्त्रीच्या शरीरावर तिच्या वागणुकीची नोंद असते आणि ती वाचण्याचा अधिकार इतरांना असतो, अशी ती कल्पना. एकाने ती रूढी म्हणून सांभाळली, दुसऱ्याने शास्त्र म्हणून.

जगातही तेच

१९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची अशी तपासणी करण्यात आली. लग्नासाठी येणाऱ्या वधूला आगाऊ परवाना लागत नसे, पत्नीला लागत असे. अविवाहित भारतीय स्त्री कुमारीच असणार, नसेल तर ती आधीच कोणाची तरी पत्नी असणार, असा तर्क होता. बातमी फुटताच गदारोळ झाला आणि ब्रिटिश सरकारला ही पद्धत बंद करावी लागली. कितीतरी वर्षांनी सरकारी कागदपत्रे उघड झाली. १९७० च्या दशकात अशा तपासण्या किमान ८० स्त्रियांच्या झाल्या होत्या असे त्यांतून दिसले. त्याच ब्रिटनने २०२२ साली कौमार्य चाचणी कायद्याने गुन्हा ठरवली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्य दोन संस्थांनी ही चाचणी थांबवण्याचे एकत्रित आवाहन केले. तेव्हा ती किमान २० देशांत चालू असल्याची नोंद होती. बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली आणि लाहोर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बलात्काराच्या खटल्यांतील अशी तपासणी बंद केली. इंडोनेशियाच्या लष्कराने महिला उमेदवारांवरील ही सक्ती २०२१ साली थांबवली. धर्म, भाषा, राज्यपद्धती वेगवेगळ्या. कल्पना मात्र एकच, आणि तिला हटवण्यासाठी वापरलेला युक्तिवादही एकच: पुरावा दाखवा.

वर्गात काय करता येईल?

पुस्तकातून काढलेली गोष्ट परतही येऊ शकते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने काढलेल्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांत कौमार्याविषयीचा मुद्दा न्यायवैद्यकात पुन्हा आला होता. देशभरातून टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती तत्त्वे मागे घेण्यात आली आणि नंतर सुधारित रूपात काढण्यात आली. का वगळले हे लोकांना माहीत असेल, तरच वगळलेले परत आल्यावर ते लक्षात येते. म्हणून हे काम वैद्यकीय महाविद्यालयांपुरते राहू नये.

प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडू नये. मुलामुलींना ही माहिती कोठून ना कोठून मिळणारच असते. ती मोबाईलवरून मिळण्यापेक्षा फळ्यावरून मिळालेली बरी. आकृती काढताना योनिपटल कडेने दाखवावे, आडवी रेघ मारून बंद दार दाखवू नये. शब्दांविषयी बोलावे. स्वीडनमध्ये २००९ साली 'कौमार्याचा पडदा' अशा अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी 'योनीची माळ' अशा अर्थाचा नवा शब्द सुचवला गेला आणि तो तेथील नव्या शब्दांच्या यादीतही आला. आपल्याकडे 'योनिमुखाची झालर' म्हणायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांनाच शब्द सुचवायला सांगावे.

वरच्या वर्गांत चाचणीचे ते चार प्रश्न स्वतंत्रपणे घ्यावेत. लिटमस, रक्तगट, पाण्यातील क्लोरीन, हस्तरेषा, पत्रिका अशा पाच-सहा गोष्टी फळ्यावर लिहून प्रत्येकीला हे प्रश्न लावायला सांगावे. कोणती चाचणी आहे आणि कोणती नाही, याची यादी मुले स्वतःच करतील.

आणखी एक गोष्ट. एखाद्या मुलीने किंवा मुलाने विश्वासाने अत्याचाराविषयी सांगितले, तर "पुरावा काय?" असे विचारणे हे शिक्षकाचे काम नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा वेळी तातडीचे उपचार विनामूल्य द्यायचे असतात. तपासणीच्या वेळी कोणी दोन बोटांची भाषा केलीच, तर सर्वोच्च न्यायालयाने ती मना केली आहे एवढे सांगण्याइतकी माहिती त्या मुलीसोबत जाणाऱ्या शिक्षिकेकडे असावी.